लिंबाच्या पानाचा कोयता

“हे पान माझं हाय! काहून ठोकलं बे तुझ्या कोयत्यावर?”

वडवणीच्या बाजारात तो लोहार असा ओरडला की तिकडं सिरसाळ्यात म्हशींनी दूध आखडलं. ऊसतोडीला निघायचे दिवस, त्यामुळे कोयत्यांना ही गर्दी. त्याच्या प्रत्येक कोयत्यावर मुठीजवळ लिंबाच्या पानाची खूण ठोकलेली असायची. बोलताना त्या पानावरून अंगठा फिरवायची त्याला खोड होती. लोक पान बघूनच कोयता घेत. आणि समोरच्या दुकानदाराने तसाच कोयता, तसंच पान, स्वस्तात मांडलं होतं.

लोहाराने त्यातला एक उचलला. गर्दी मागं सरली. शेजारच्या कढईतलं तेलसुद्धा उकळायचं थांबलं, मी डोळ्यांनी पाहिलं. त्याने पातं दगडावर आपटलं. दोन तुकडे!

“हे कर्नाटकात ऊस तोडताना मोडून कुणाच्या मांडीत घुसलं की शिव्या माझ्या पानाला! मोठ्या कंपनीच्या साबणाची नक्कल केली तर पोलिस येतेत. माझ्या पानालाबी तसाच कायदा पायजे. हितं पायजे, कर्नाटकात पायजे, दुबईतबी पायजे!”

“दुबईत ऊस हाय का?” एका बाईने विचारलं. हसायची हिंमत कुणाची झाली नाही.

हसला तो दुकानदार. “लई शहाणे हाव. तुमी पहिला कोयता कुणाचा बघून केलता?”

झालं, आता हा दुकानदार संपला, असं मला वाटलं. लोहाराने मोडका तुकडा खाली ठेवला. आपला कोयता घेतला, पानावरून अंगठा फिरवला.

“बापाचा,” तो म्हणाला. “त्याला इचारून.”