बोंगयो आजींचं बिल

बोंगयो आजी आमच्या कर कार्यालयात पहिल्यांदा आल्या, त्या दिवशी तैवानातल्या आमच्या तैनान शहराच्या वेधशाळेनं वादळाचा इशारा का दिला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आधी छत्री आत आली, मग आवाज, आणि बऱ्याच वेळानं साडेचार फुटी आजी. टोकनच्या यंत्रानं घाबरून एकदम तीन चिठ्ठ्या ओकल्या. निवृत्तीखेरीज कशासाठीही न उठणारे आमचे साहेब चक्क उभे राहिले.

"मे संपत आला. माझ्या घरपट्टीचं बिल कुठंय?"

मी संगणकात पाहिलं. "अभिनंदन, आजी! घर जुनं झालं, किंमत लाख युआनच्या खाली गेली. कर माफ!"

"माफ? मी काय गुन्हा केलाय?"

बावीस वर्षांत मी कर कमी करा म्हणून रडणारे खूप पाहिले होते. लावा म्हणून टेबल बडवणारी ही पहिलीच.

बोंगयो म्हणजे 'जगली तर जगू दे'. चौथीही मुलगीच झाल्यावर बापानं ठेवलेलं नाव. जमीन भावांना गेली. हिनं मासळीच्या गोळ्यांचं सूप विकून गल्लीच्या टोकाला दोन खोल्या बांधल्या. नोंदणी वगैरे काही नाही. घर हिचं आहे असं म्हणणारा कागद एकच, दरवर्षी येणारं बिल. टपालवाला गल्लीत उभा राहून पूर्ण नाव पुकारायचा, ते थेट भावांच्या घरापर्यंत ऐकू जायचं.

"आजी, बिलानं मालकी सिद्ध होत नाही."

"तुझ्या कायद्यात नसेल होत. माझ्या भावजयीपुढे होते."

"दाखला देऊ का लिहून?"

"मागून आणलेला कागद नको. तो आपल्या पायानं घरी आला पाहिजे. किंमत वाढते कशी, ते सांग."

"बांधकाम वाढलं तर."

"मग मोजायला ये."

मोजणीवाला येणार म्हटलं की आमच्याकडे लोक गच्चीवरची पत्र्याची खोली वाळत घातलेल्या गोधड्यांनी झाकतात. आजींनी मला हाताला धरून शिडीवर चढवलं.

"ही खोली धर. ही मोरी धर. हे खुराडंही धर."

"खुराडं नाही धरता येत, आजी."

"का? सहाजणी राहतात त्यात. तुझ्या घरात किती राहतात?"

"तिघं."

"मग?"

खुराडं सोडलं, खोली धरली. किंमत झाली एक लाख एकोणीस हजार. पण त्या गच्चीवरून शेजाऱ्यांच्या सात खोल्याही दिसत होत्या. मी आकाशाकडे बघत होतो, तर आजी बोटानं एकेक मोजून दाखवत होत्या.

पुढच्या मेमध्ये गल्लीत आठ बिलं वाढली. सहा महिने आजींशी कुणी बोललं नाही.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "टपालवाल्याचा आवाज नीट ऐकू येतो."

पुढची आठ वर्षं बिल आलं की त्याच दिवशी त्या कोपऱ्यावरच्या, करही भरून घेणाऱ्या दुकानात पैसे भरत आणि पावती दाखवायला माझ्या खिडकीवर येत, सुपाचा डबा घेऊन. साहेबांची जागा रिकामी झाली, नवे साहेब आले, तेही उभे राहायला शिकले.

गेल्या हिवाळ्यात आजी गेल्या. घर नातीच्या नावावर झालं. तिनं कर बँकेतून परस्पर कापून जाण्याची सोय केली आहे. घरी कागद येत नाही.