हलकी बंदूक आणि आईची गोफण

मंडळी, आज आईचे आभार चारचौघांत मानायचेत, म्हणून हे लिहितेय.

खांद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी माझी जड बारा बोअरची बंदूक बंद केली. नेमबाजी सोडवेना, म्हणून लहान नळीची, हलकी वीस बोअर घेतली. आज तिचा पहिला सराव होता. सोबतीला गावाकडून, बेंबळीहून, आईला आणलं होतं.

वाटलं, हलकी म्हणजे सोपी. कसलं काय. हवेत उडणारी मातीची तबकडी एकही फुटेना. जुनी बंदूक स्वतःच्या वजनानंच पुढं फिरत राहायची. ही झटकन वर यायची, चाप ओढला की जागच्या जागी थांबायची आणि छर्रे तबकडीच्या मागून जायचे. खांदा ठणकायला लागला. आता नेमबाजी बास, असं ठरवून मी काडतुसं पिशवीत भरायला घेतली.

आईची सारी हयात ज्वारीवरची पाखरं गोफणीनं हाकण्यात गेली. कानातला कापूस काढत ती म्हणाली, "बार उडाला की तू थांबतीस. गोफणीतनं दगड सुटला म्हणून हात थांबतो व्हय? फिरू दे की त्याला."

मी पिशवीतलं एक काडतूस परत बाहेर काढलं. या वेळी बार काढल्यावरही मी नळी तबकडीबरोबर फिरवत ठेवली. तबकडीचा चुरा झाला. माझे डोळे भरून आले.

आई म्हणाली, "फुटली गं. पण ती बशी काय आपली ज्वारी खात न्हाय, मग तिला मारतीस कशाला?"

याचं उत्तर तुमच्याकडं असलं तर सांगा. ज्वारी हुरड्याला आली की आईच्या रानात पाखरं हाकायला मी जाणार आहे, तेव्हा तिला सांगेन.