बुडाला लिहिलेलं नाव

वडील गेले. त्याच दिवशी माझी बुरशी चमकली.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी पीएचडी करत होते. भातावर करपा आणणाऱ्या बुरशीत जेलीफिशचं जनुक घालायचं. मग निळ्या प्रकाशात ती हिरवी उजळते, पानात कुठून शिरते ते दिसतं. वर्षभर फसत होतं. त्या सकाळी एका डिशमध्ये उजळली. दुपारी भावाचा फोन. पासपोर्टवरच्या माझ्या व्हिसाची मुदत संपलेली; शिकत राहता येत होतं, पण देशाबाहेर पडलं की नवा काढावा लागणार. घरी गेले असते तर परत येता आलं असतं की नाही, कोण जाणे. गेले नाही. चार दिवस खोलीत बसून राहिले.

पाचव्या दिवशी लॅबमध्ये आले. डिशच्या झाकणावरची माझी आद्याक्षरं स्पिरिटनं पुसलेली. तिथं दादाची. दादा म्हणजे आमच्या लॅबमधला पोस्टडॉक, पीएचडी झालेला संशोधक, पुण्याचा. सगळी मराठी मुलं त्याला दादाच म्हणायची. मीही.

"अगं, तू सुतकात होतीस ना? म्हणून मी टेक ओव्हर केलं." मग हसला. "तुमच्यात पाळतात का पण सुतक?"

मी हातमोजे चढवले.

"बाबा काय करायचे गं?"

"कृषी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये काचसामान धुवायचे."

"मग रक्तातच आहे की, यार!" बुरशी वाळलेल्या फ्लास्कांचा ट्रे त्यानं माझ्यापुढं सरकवला.

मी ते फ्लास्क धुतले. हे लिहिताना अजून हात थांबतो.

धुताना वडील आठवले. "झाकणं अदलाबदल होतात, माय. नाव बुडाला लिहीत जा." मी दोन्हीकडे लिहायचे. ज्यानं आयुष्यात कधी डिश धुतली नाही, त्यानं बूड पाहिलंच नव्हतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये दादा स्लाइड दाखवत होता. "माझी बुरशी" म्हणाला. मी उठले. डिश प्रोफेसरांसमोर उलटी धरली. माझी आद्याक्षरं, माझी तारीख.

"हे तुम्ही दोघं नंतर आपसात बघा," प्रोफेसर म्हणाले.

"नाही. इथंच बघू."

मी बसले नाही. शेवटी दादानं स्लाइडवरचं आपलं नाव खोडलं. त्या वर्षी मराठी मुलांच्या दिवाळीच्या पॉटलकला, घरून एकेक पदार्थ आणून करायच्या जेवणाला, मला कोणी बोलावलं नाही.

आद्याक्षरंच का लिहायचे मी? आडनाव वाचून जात कळते म्हणून.

प्रयोग संपल्यावर नियमाप्रमाणे ती डिश केव्हाच नष्ट केली. वडिलांचं शेवटचं दर्शन झालं नाही, ते आता होणार नाही. तेव्हापासून प्रत्येक डिशच्या बुडाला मी पूर्ण आडनाव लिहिते.