काउंटरसमोरची गादी

इंदापूरच्या जुन्या पेठेतल्या स्वस्त लॉजवर मी पोचले, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "एकट्या बाईला खोली देत नाही."

कोर्टाच्या तारखेसाठी तिथं उतरलेली एक म्हातारी बाकावर तळपाय चोळत बसली होती. पदर खोचून ती उठली. "मी बी एकटीच हाय. मला कशी दिली?"

"आजी, तुमचं वय झालंय."

"म्हंजी म्हातारी होईस्तवर बाईनं रस्त्यावर झोपायचं व्हय?"

रागारागानं तिनं आपल्या खोलीतली गादी ओढत आणली, काउंटरसमोर टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसली. नवी गिऱ्हाइकं दारातच थबकली. शेवटी मॅनेजरनं किल्ली सरकवली.

मी आभार मानायला गेले, तर ती माझ्यावरच भडकली. "त्याच्याम्होरं मान कशाला खाली घातलीस?"

त्यानंतर पुष्कळ गावांत मी एकटी राहिले. खोली मागताना मान खाली घातली नाही.