रेच्यावर बसलेली आंधळी

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या डोळ्यांपुढे दिवा धरून पाहिले आणि म्हणाले, ग्लॉकोमा. कंपाउंडरने समजावले: डोळ्यात आतून ताण वाढतो आणि नजर हळूहळू विझते. उजवा डोळा गेला होता. डाव्यात उजेड-अंधार कळण्याइतके उरले होते. तेवढे तरी शस्त्रक्रियेने वाचेल, पण उशीर चालणार नाही, असे साहेबांचे म्हणणे.

शस्त्रक्रिया करणारे मोठे सर्जन दिवाळीनंतर एकदाच येणार होते. ते फक्त तहसिलीच्या आंधळ्यांच्या यादीतली माणसे तपासत. कंपाउंडरने डोळ्यांची हकीकत बाळबोध लिपीत चिठ्ठीवर लिहून दिली. म्हणाला, गावात घरोघर माणसांची मोजणी सुरू आहे, नाव लिहवून घ्या.

आमच्या घरात चौथीपर्यंत शिकलेली मी एकटी. चिठ्ठी माझ्याकडेच राहिली.

परत येताना कापसाच्या रिकाम्या गाडीत जाऊबाई विचारत होत्या, मोजतात म्हणजे काय करतात. मला तरी कुठे माहीत होते?

ते कापसाचे दिवस होते. अकोल्याच्या बाजारात भाव इतका चढला की लोकांनी गाद्या उसवून आतला जुना कापूस विकला. आमच्या ओसरीवर दिवसभर सरकी काढायचा रेचा फिरे. दोन लाकडी लाटांमधून रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. जाऊबाई विधवा. नजर गेल्यावरही त्याच रेच्यावर बसत, बोटांनी चाचपून कापूस भरत.

मोजणीला तहसिलीचा कारकून आणि पटवारी आले. बायका दाराआड, जाऊबाई तेवढ्या ओसरीवर रेच्याशी. घरातल्या माणसांची माहिती सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, सांगायची, ही रीत. आंधळे, मुके-बहिरे, वेडे, महारोगी, कारकुनाने एकेक विचारले. नणंदेच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. मामाजी म्हणाले, कोणी नाही.

ओसरीवरून जाऊबाई बोलल्या. विधवेने परक्यापुढे तोंड उघडले, हेच मोठे. "मले सावली दिसते बाप्पा, मानूस दिसत नाई."

"सावली दिसते ना? मंग दिसते," कारकून म्हणाला.

मामाजी हसले. "दोघींचं काम एकटी करते ते."

"आंधळी असती तं बोटं गेली असती रेच्यात," पटवारी म्हणाला, आणि तिघेही हसले. कारकुनाने हुकूम वाचून दाखवला: अजिबात दिसत नाही तोच आंधळा. पुढच्या घराकडे गेले.

मी दाराआड उभी होते. चिठ्ठी पदराच्या गाठीत. दोन पावले पुढे जाऊन ती द्यायची होती, तोंडाने काही बोलायचेही नव्हते. माझे पाय हलले नाहीत. मामाजी काय म्हणतील, परका पुरुष काय म्हणेल, एवढेच मनात.

दिवाळीनंतर नवऱ्याला गळ घालून आम्ही पुन्हा अमरावतीला गेलो. व्हरांड्यात सकाळपासून बसलो. दुपारी शिपायाने यादी वाचली. नाव नव्हते. चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, ही चालत नाही, तहसिलीची यादी लागते. सर्जन आत होते. त्यांचे बूट वाजलेले ऐकू येत होते.

होळीपर्यंत सावलीही गेली. जाऊबाईंनी एका सकाळी विचारले, उजाडले का? ऊन अंगणात आले होते.

ज्यांच्या घरात कोणी आजारी असेल त्या बायांसाठी हे लिहिते. सरकारचा माणूस दाराशी आला की तो तुमच्या माणसाचा डोळा बघत नाही, हात चालतात का ते बघतो. सांगायचे ते त्याच वेळी सांगा. घरातले रागावतील. रागावू द्या.

जाऊबाई अजून रेच्यावर बसतात. मला त्यांनी एकदाच विचारले, राग न करता, कापूस भरता भरता.

"तुले तं मालूम होतं. मंग बोलली काहून नाई?"

मी सरकी गोळा करत राहिले.