ती रडत नव्हती
काल गॅसवर बटाटे विसरले आणि करपल्याचा वास घरभर झाला, तेव्हा अंधेरीतला तो डबिंग स्टुडिओ आठवला. महायुद्धात बॉम्ब पडून बेचिराख झालेल्या एका शहरावरचा टीव्हीचा कार्यक्रम मराठीत करायचा होता आणि तिथल्या एका म्हातारीला माझा आवाज होता. एसीने गारठलेल्या त्या लहानशा खोलीत गालिच्याचा कुबट वास यायचा. कानावरच्या हेडफोनमध्ये तिचा मूळ आवाज, समोर पडद्यावर तिचा चेहरा. ती सांगत होती, ‘भोंगा वाजला तेव्हा चुलीवर बटाटे होते. तळघरात बसून मी एकच विचार करत होते, चूल विझवली का? वर आले तर घरच नव्हतं.’ तिच्यासारखीच मीही सपाट बोलले. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, ‘ताई, जरा रडा ना. अख्खं शहर जळलंय यार.’ ‘ती रडत नाहीये.’ ‘तिचं सोडा हो, लोक चॅनल बदलतील.’ ‘बदलू देत. तिचे ओठ बघ, कुठे थरथरतायत?’ ‘मग मला दुसरीला बोलवावं लागेल.’ काम मला हवं होतं, तरी म्हटलं, ‘बोलव. पण आधी या बाईचा आवाज एकदा मोठ्याने लाव.’ त्याने लावला. मागे नेऊन पुन्हा लावला आणि माझाच टेक ठेवला. कार्यक्रम लागला तेव्हा मागे सारंगी रडत होती, म्हातारी मात्र नाही. काल करपलेलं पातेलं घासताना म्हातारीचं ते चुलीचं वाक्य मी पुन्हा म्हणून पाहिलं. आवाज तसाच कोरडा लागला.