रेस उतरत नव्हती

उमरीजवळच्या आमच्या शेतातल्या घरासमोरची चिंच मागच्या उन्हाळ्यात वादळानं फाटली. अर्धं झाड खाली आलं आणि उरलेलं गोठ्याकडं कलून उभं राहिलं. बुंध्यात मनगट जाईल एवढी फट पडली होती. दादा रोज सकाळी त्या फटीत बोटं घालून बघायचा आणि मला नांदेडला फोन करायचा.

"कटरवाले समदे रस्त्याच्या कामावर गेलेत. पंधरा दिवस कुणी येत न्हाई म्हणतंय. काकाची मशीन हाय की माळ्यावर. तू नीट करून दे, कापतो मी."

मी नांदेडात शाळेवर विज्ञान शिकवतो. तरुणपणी जुन्या स्कूटरी उघडून बसायचो, त्यामुळं घरात काही बिघडलं की माझ्याकडंच येतं. त्या रविवारी मी मोटारसायकल घेऊन उमरीला गेलो.

मशीन काकांची, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची. झाडं कापायची, दातेरी साखळीची, परदेशी बनावटीची, कुणा ठेकेदाराकडून जुनीच घेतलेली. तिच्यावर त्यांनी कितीतरी वर्षं झाडतोडीची कामं केली. मग एक दिवस ते दुपारीच घरी आले, मशीन पुसली, पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि पुढच्या बाजारात दोन म्हशी घेऊन आले. धंदा का सोडला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलंही नाही. पुढं त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

मी पोतं खाली उतरवलं तेव्हा काका ओसरीत बाजेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग डावा हात वर केला, पंजा उताणा न ठेवता पालथा, आणि तो हळूहळू खाली आणला. पुन्हा वर केला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा करताना त्यांच्या ओठाचा कोपरा थरथरत होता.

"गाडी हळू चालव म्हणून राहिलाय," दादा म्हणाला.

मी मान डोलावली आणि मशीन मोटारसायकलच्या मागं बांधून खरोखरच हळू चालवत नांदेडला आलो.

गच्चीवर वर्तमानपत्र पसरून मी कार्बोरेटर खोलला. मुठीत मावेल एवढा. स्कूटरच्या कार्बोरेटरला पेट्रोल साठवायला वाटी असते, इथं तसं काही नाही. पातळ रबराचा एक पडदा इंजिनाच्या धडधडीबरोबर आतबाहेर हलतो आणि त्यानंच पेट्रोल ओढलं जातं. अशा मशीन कशाही आडव्यातिडव्या धरल्या तरी चालतात, त्या यामुळंच. आमच्या मशीनचा पडदा वाळल्या पापडासारखा कडक झाला होता. नखानं दाबला तर कट् असा आवाज आला. आत जुनं पेट्रोल आटून त्याचा पिवळा डिंक झालेला. बारीक जाळी त्यानं पार बुजली होती.

पडदा आणि पेट्रोल अडवणारी सुई यांचं किट मला जुन्या नांदेडातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं मिळालं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कार्बोरेटर डोळ्याजवळ धरला, आत फुंकर मारली.

"हे तर होऊन जाईल, सर. पण नुसता कार्बोरेटर बघू नका. एवढी जुनी मशीन हाय, कुठून हवा खाऊन राहिली ते आधी बघा. रबर असतं मागं. ते फाटलं ना, तर मशीन तुमची राहत न्हाई."

"बघतो की," मी म्हणालो.

आणि घरी येऊन मी नुसता कार्बोरेटरच बघितला. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं तरी त्याला काही कारण सापडत नाही. त्या छोट्या कामात मला सुख वाटत होतं, एवढंच. रॉकेलमध्ये भाग भिजवले, बारीक तारेनं भोकं मोकळी केली, नवा पडदा बसवला. पेट्रोलचे दोन स्क्रू असतात, एक स्लो आवाजाचा आणि एक भरधाव रेसचा. दोन्ही अलगद बंद करून एकेक फेरा उघडले. ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल भरलं. चौथ्या झटक्याला मशीन पेटली आणि खालच्या मजल्यावर बायकोनं खिडक्या आपटून लावल्या.

दहा मिनिटं सगळं छान होतं. रेस दिली की साखळी पळायची, बोट सोडलं की थांबायची. मग मशीन तापली. मी बोट सोडलं आणि रेस उतरली नाही. तीन सेकंद, चार सेकंद. रेसच्या घोड्यावर कुणा दुसऱ्याचंच बोट असल्यासारखी ती किंचाळत राहिली. साखळी आपली आपण पळत होती. मग एकदम खाली आली.

याचा अर्थ मला कळत होता. पेट्रोल कमी पडतंय आणि हवा जास्त जातेय. एक तर स्क्रूचा दोष, नाहीतर हवा भलतीकडून शिरतेय. दुसरं तपासायचं तर सगळं पुन्हा खोलावं लागणार होतं. तेवढ्यात दादाचा फोन आला, त्या दिवसातला चौथा.

"झाड कडाकडा वाजून राहिलंय रे. गाई दावं तोडून बाहेर पळून राहिल्यात. झालं का तुझं?"

मी स्लोचा स्क्रू थोडा उघडून पेट्रोल वाढवलं, रेस धरून ठेवणारा तिसरा, आडवा स्क्रू मागं घेतला. आता आवाज लगेच उतरला. तीन वेळा पाहिलं, तीनदा उतरला. चौथ्यांदा पाहिलं नाही. चौथ्यांदा काय होईल, याची मनात कुठंतरी धास्ती होती म्हणूनच नाही पाहिलं.

"झालं," मी दादाला म्हणालो.

पुढच्या रविवारी सकाळी मी मशीन घेऊन गेलो. वारा बिलकुल नव्हता. वहिनी गोठ्याच्या दाराशी उभी होती. "आधी जनावरं काढा, मग झाडाला हात लावा," असं तिनं दोनदा सांगितलं. दादा नको म्हणत होता, तरी तिनं स्वतःच एकेक करून जनावरं सोडली आणि लांब बांधावर नेऊन बांधली. काकांनी हट्टानं बाज अंगणात काढायला लावली.

मशीन सुरू झाली. पहिला काप चांगला गेला, भुसा दादाच्या पायावर उडत होता. मी पाच-सहा पावलांवर उभा होतो आणि झाडाकडं बघतच नव्हतो. मी फक्त आवाज ऐकत होतो. दादानं श्वास घ्यायला बोट सोडलं तेव्हा रेस किंचित उशिरा उतरली. मला वाटलं, भास असेल. पुढच्या वेळी तो उशीर वाढला. मी मागं पाहिलं. बाजेवर काका ताठ बसले होते आणि त्यांचा पालथा हात वर जात होता, खाली येत होता. वर, खाली. घशातून घरघर येत होती.

तेव्हा मला समजलं. गाडी हळू चालव असं ते कधीच म्हणत नव्हते. रेस खाली येत नाही, हे ते सांगत होते.

"दादा, बंद कर!" मी ओरडलो. त्याच क्षणी चिंच मोठ्यानं कडाडली. दादानं घाबरून मशीन कापातून ओढून काढली, बोट सोडलं आणि मागं सरकला. मशीन तशीच किंचाळत होती. जुन्या बनावटीची ती, साखळी अडवणारा ब्रेक तिला नव्हता. दादानं बंद करायचं बटण दाबलं. काही झालं नाही. हादऱ्यानं बटणाची तार सुटली होती. दादाची टाच चिंचेच्या मुळात अडकली, तो बसकन खाली पडला आणि साखळी त्याच्या गुडघ्याच्या वर लागली.

मी धावलो. त्या वेळी डोक्यात एकच गोष्ट होती, चोक. मागच्या मुठीजवळची दांडी मी खस्सकन ओढली. इंजिनाची हवा तुटली, ते दोनदा खोकलं आणि मेलं. एवढी शांतता झाली की बांधावरच्या गाईंचं रवंथ ऐकू यावं. दादा पायाकडं न बघता झाडाकडं बघत होता.

"मला हितून ओढ," तो म्हणाला.

वहिनीनं पदर फाडून मांडी करकचून बांधली. उमरीच्या दवाखान्यात पट्टी झाली, तिथून नांदेडला आणलं. हाड वाचलं, पण स्नायू खोल कापला होता. टाके बरेच पडले. चिंच त्याच दिवशी संध्याकाळी वारा सुटल्यावर गोठ्यावर कोसळली. आम्ही दवाखान्यात असताना शेजाऱ्याचा फोन आला. पत्रे, कुडाचा खांब, दावण, सगळं तिच्याखाली होतं. जनावर एकही नव्हतं.

आठवड्यानं मी उमरीला जाऊन मशीन पुन्हा खोलली. कार्बोरेटरच्या मागं रबराची आखूड नळी होती. ती आवळणाऱ्या पट्टीच्या खाली तिला चीर गेलेली. थंड असताना मिटलेली दिसायची, दोन बोटांत वाकवली की ओठासारखी उघडायची. मिस्त्री म्हणाले होते तेच. काकांच्या हातात असतानाच ती कधीतरी फाटली असणार. ते दुपारीच घरी आले त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, कुणाच्या बाबतीत झालं होतं, ते आता कधीच कळायचं नाही. मी त्यांच्यासमोर ती नळी धरली. त्यांनी तोंड फिरवलं.

दादाला मात्र सांगणं भाग होतं. टाके काढल्यावर तो नांदेडला माझ्याकडंच राहत होता. चहा झाल्यावर मी म्हणालो, "रेस अडकतेय ते मला हितंच कळलं होतं. गच्चीवर. तरी झालं म्हणून सांगितलं तुला."

तो गुडघा चोळू लागला. पाय पूर्वीसारखा वाकत नव्हता, मांडी घालून जेवायला त्याला आता बसता येत नाही.

"सांगितलं असतंस तरी मी कापलंच असतं," तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता पुढं बोलला, "पण सांगायचं होतंस."

त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. तो उमरीला परत गेला. फोन येतात, पिकाचं, पावसाचं, काकांच्या तब्येतीचं बोलणं होतं. घरातलं काही बिघडलं तर आता तो ते गावातच दाखवून घेतो.